पेलेट ग्रिल किंवा स्मोकर घेताय? पुण्यात या चुका टाळा

गेल्या जुलैत बाणेरहून मावसभावाचा फोन आला. "ताई, ग्रिल गेलं बहुतेक. पेटतच नाहीये. आता नवंच घेतो, कुठलं घेऊ ते तू सांग." दोन वर्षांपूर्वी टेक्सासहून कायमचं परत येताना घरसामानाच्या कंटेनरमधून त्याने ते पेलेट ग्रिल, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या छोट्या कांड्यांवर (पेलेटवर) चालणारं ग्रिल, आणलं होतं. शनिवारी मी गेले, हॉपरचं, म्हणजे पेलेटच्या टाकीचं, झाकण उघडलं आणि आत हात घातला. वरवर थोडे अखंड पेलेट, त्याखाली दमट भुसा आणि तळाशी पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूभोवती सिमेंटसारखा धरलेला गोळा. यंत्र ठणठणीत होतं. मेमध्ये भरून ठेवलेले पेलेट जूनभर हवेतली ओल पीत राहिले, फुगले आणि स्क्रू अडकला. दोन संध्याकाळी खपून आम्ही तो गोळा उकरून काढला, नळी पुसून कोरडी केली आणि नवे पेलेट घातले. ग्रिल पेटलं.

त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला: पेलेट ग्रिल घ्यावं का, आणि कुठलं? मी आता उलटा प्रश्न विचारते. पेलेट कुठून आणणार, आणि पावसाळ्यात ठेवणार कुठे? याचं पक्कं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याने खुशाल घ्यावं. ज्याच्याकडे नाही त्याच्या घरी कितीही महागाचं यंत्र आलं तरी ते पहिल्या गणपतीपर्यंत गच्चीवर झाकून पडतं.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: आधी मॉडेल, मग इंधन

यंत्राची रचना समजून घेतली की हे लक्षात येतं. एका बाजूला पेलेटची टाकी, म्हणजे हॉपर. त्याच्या तळातून एक लांब स्क्रू (त्याला ऑगर म्हणतात) थोडे थोडे पेलेट मधल्या छोट्या भांड्यात, फायरपॉटमध्ये ढकलतो. तिथे एक इग्नायटर तापून लाल होतो आणि पेलेट पेटवतो. पंखा आगीला हवा देतो आणि तीच गरम हवा व धूर सगळीकडे फिरवतो. आत एक सेन्सर तापमान मोजत असतो. कंट्रोलर ते पाहून स्क्रू कमी-जास्त फिरवतो. म्हणजे आपण तापमान लावायचं आणि विस्तवाची काळजी यंत्राने करायची.

हे यंत्र जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात बनवलं. त्याचं पेटंट 1986 चं, ते 2006 च्या सुमारास संपलं आणि मग इतर कंपन्या या धंद्यात उतरल्या. ओरेगॉन म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरण्यांचा मुलूख, तिथे भुश्याला तोटा नाही. त्याच भुश्याच्या दाबून केलेल्या या कांड्या. जिथे इंधन दाराशी पडलेलं होतं तिथे यंत्र जन्मलं. आपण यंत्र आणतो, पण दाराशी इंधन नसतं, आणि तिथूनच अडचण सुरू होते.

आता हिशोब करा. कमी आचेवर, म्हणजे 107 ते 120 अंश सेल्सिअसला, साधारण अर्धा ते एक किलो पेलेट तासाला जळतात. आच वाढवली की दीड किलोपर्यंत जातात. महिन्यातून दोन रविवार, दर खेपेला सहा तास धरले तरी महिन्याला आठ-दहा किलो, वर्षाला शंभरच्या आसपास. आयात केलेली पिशवी बहुतेक 9 किलोची असते. म्हणजे वर्षाला दहा-बारा पिशव्या. त्या पिशवीचा आजचा भाव आणि पोचवण्याचा खर्च विचारा, बाराने गुणा आणि मगच यंत्राच्या किमतीकडे बघा. बऱ्याच जणांचा निर्णय इथेच होतो.

इथे एक मोह होतो आणि तो धोक्याचा आहे. महाराष्ट्रात पेलेट भरपूर बनतात, पण ते बॉयलरसाठी. शेंगांची टरफलं, सोयाबीनचा भुसा, उसाचं चिपाड, लाकडाच्या वखारीतला मिश्र भुसा असं काहीही त्यात असतं. स्वस्तही मिळतात. ते ग्रिलमध्ये घालू नका. त्यात प्लायवूडचा, रंग दिलेल्या फर्निचरचा किंवा डिंक लावलेल्या लाकडाचा भुसा मिसळलेला आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही, आणि तो धूर थेट आपल्या जेवणात जातो. शिवाय शेतमालाच्या अवशेषांची राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त पडते. चांगल्या लाकडाची राख एक टक्क्याहूनही कमी, तर भाताच्या तुसाची पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाते. फायरपॉट तासाभरात तुंबतो. आकाराचाही प्रश्न आहे. ग्रिलचा स्क्रू साधारण 6 मिलिमीटर जाडीच्या पेलेटसाठी केलेला असतो. बॉयलरचे पेलेट बहुतेक त्याहून जाड असतात, ते अडकतात.

स्वयंपाकायोग्य पेलेट म्हणजे फक्त टणक लाकडाचा भुसा. डिंक, मेण, वास, तेल काही नाही. लाकडातलं लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होतं आणि तेच चिकटवण्याचं काम करतं. म्हणूनच पाणी लागलं की पेलेट पुन्हा भुसा होतात. पिशवी घेताना दोन गोष्टी करून बघा. एक पेलेट बोटांत धरून मोडा: कट्कन आवाज येऊन तुटला तर कोरडा, नुसता वाकला किंवा चुरा झाला तर ओल लागलेली आहे. आणि पिशवीच्या तळाशी बघा. तळाशी ओंजळभर भुसा असेल तर ती पिशवी परत करा.

साठवण्याचं आपल्याकडचं जुनं उत्तरच सगळ्यात चांगलं आहे: धान्याची पत्र्याची कोठी. आत जाड प्लास्टिकची पिशवी, तिचं तोंड घट्ट बांधलेलं, कोठी घराच्या आत, फरशीपासून विटांवर उचललेली. बाल्कनीतल्या कपाटात पेलेट टिकत नाहीत. हवेत ओल असली की पाऊस अंगावर पडावाच लागत नाही. आणि पुण्यात मटणाचा सगळ्यात मोठा मोसम कुठला? आखाड. श्रावण लागायच्या आधी जो तो पाहुणे बोलावतो आणि नेमक्या त्याच दिवसांत हवा सगळ्यात दमट असते. म्हणून हॉपर कधीही भरलेला सोडायचा नाही. बेत संपला की उरलेले पेलेट काढून कोठीत. बहुतेक ग्रिलना मागे किंवा खाली त्यासाठी दार असतं. नसेल तर ते ग्रिल पुण्यासाठी नाही, असं माझं मत आहे.

लाकडाच्या ढलप्या वापरणाऱ्या स्मोकरचं, म्हणजे मंद आचेवर धूर देऊन शिजवणाऱ्या यंत्राचं, या बाबतीत बरं असतं. आंबा, पेरू, चिंच, बाभूळ यांचं वाळलेलं लाकूड आपल्याकडे मिळतं आणि आंब्याचा धूर तर मला आयात केलेल्या कुठल्याही लाकडाइतकाच आवडतो. मात्र रस्त्याच्या कडेला छाटून टाकलेल्या फांद्या उचलू नका. पुण्यात दुभाजकांवर कण्हेर सर्रास लावलेली असते. कण्हेरीचं सगळं झाड विषारी आहे, तिचा धूरही. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनचं लाकूडही नको, त्याच्या राळेने काजळी धरते आणि अन्न कडू होतं.

चूक दुसरी: चुलीची चव मिळेल अशी अपेक्षा

आपल्या जिभेवर धूर म्हणजे काय बसलेलं आहे? सिंहगडावरच्या चुलीवरची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, तुरकाट्यांवर काळं होईपर्यंत भाजलेलं खानदेशी भरताचं वांगं, थंडीतला हुरडा, अलिबागकडची पोपटी. यांत भाजणं आहे, करपणं आहे, निखाऱ्यावर थेंब पडून उठणारा धूर आहे. पेलेट ग्रिलमध्ये यातलं जवळजवळ काहीच होत नाही. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण निराश होणाऱ्यांची संख्या इथेच सगळ्यात जास्त आहे.

कारण साधं आहे. सिगडीवर मटणाची चरबी थेट निखाऱ्यावर पडते, जळते आणि तो धूर परत मटणाला लागतो. पेलेट ग्रिलमध्ये आगीवर एक लोखंडी पत्रा असतो आणि त्यावर तेल निथळायचा तिरपा ट्रे. चरबी आगीपर्यंत पोचतच नाही, ती बाहेरच्या डब्यात जाते. पोचली तर आग भडकेल, म्हणून रचनाच तशी आहे. दुसरं, पंख्याच्या हवेमुळे पेलेट फार स्वच्छ जळतात. धूर विरळ, निळसर, सौम्य. आच जितकी जास्त तितका धूर कमी. आणि तिसरं, बहुतेक पेलेट ग्रिल 230 ते 260 अंशांच्या आसपास थांबतात, तर तापलेला तंदूर 400 अंशांच्या घरात असतो. तंदुरी चिकनवरचे ते काळे डाग आणि रोटीचा फुगा या यंत्रात येत नाही. काही मॉडेलमध्ये पत्रा सरकवून थेट आगीवर भाजायची सोय असते, पण ती जागा ताटलीएवढी.

मग हे यंत्र कशासाठी चांगलं? जे पदार्थ सहा-आठ तास मंद आचेवर शिजतात त्यांच्यासाठी. अख्खी रान (बोकडाची मागची तंगडी), अख्खी कोंबडी, डुकराचा खांदा, जाड पनीरची वडी, अख्खा लसूण, टोमॅटो. आणि ज्याला दर वीस मिनिटांनी विस्तव बघायला वेळ नाही त्याच्यासाठी. माझ्या भावाला तेच हवं होतं. रविवारी सकाळी रान लावायची, मुलांना पोहायला न्यायचं, येईपर्यंत ग्रिलने आपलं काम करत राहायचं. त्याचं समाधान खरं आहे.

पण तुम्हाला हवा आहे तो फक्त धुराचा वास असेल, तर थांबा. भाजीत किंवा मटणाच्या पातेल्यात कांद्याच्या पाकळीत नाहीतर वाटीत लाल निखारा ठेवा, त्यावर चमचाभर तूप सोडा आणि झाकण लावून पाच मिनिटं ठेवा. हा धुंगार. वीस रुपयांच्या कोळशात होतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्मोक ट्यूब: भोकं पाडलेली स्टीलची फूटभर नळी. तीत पेलेट भरून एका टोकाला पेटवायची, दहा मिनिटांनी ज्योत फुंकून विझवायची. मग ती तीन-चार तास धुमसत राहते. साध्या झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलमध्ये ती ठेवली की धूर पेलेट ग्रिलपेक्षाही जास्त लागतो. वर्षाला पाच-सात किलो पेलेट पुरतात, ते घरातल्या एका डब्यात मावतात. मी स्वतः दोन वर्षं एवढ्यावरच आहे, आणि घरात जागा असूनही मोठं यंत्र घ्यावंसं मला वाटलेलं नाही.

चूक तिसरी: प्लग बसला म्हणजे यंत्र चालतं असं समजणं

हा खास पुण्याचा प्रश्न आहे, कारण इथे परदेशातून सामान घेऊन परतणारी घरं भरपूर. परतणाऱ्याचं किंवा त्याच्याकडून वापरलेलं ग्रिल घेताना मागची पाटी वाचा. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. 120 व्होल्टचा इग्नायटर थेट आपल्या सॉकेटला लागला तर त्यातून साडेतीन पटींहून जास्त ऊर्जा वाहते आणि तो काही क्षणांत जातो, बरोबर कंट्रोलरही.

"ट्रान्सफॉर्मर लावू" हे अर्धंच उत्तर. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. ज्या ग्रिलमध्ये जुन्या पद्धतीची एसी मोटर आहे तिचा वेग हर्ट्झवर अवलंबून असतो. 60 च्या जागी 50 मिळाले की स्क्रू आणि पंखा दोन्ही साधारण सहाव्या हिश्शाने मंदावतात. पेलेट कमी पडतात, हवा कमी मिळते. भावाचं पहिलं वर्ष यातच गेलं. लावलेलं तापमान गाठायला ग्रिलला फार वेळ लागायचा आणि तो पेलेटला दोष देत राहिला. ज्या नव्या मॉडेलमध्ये डीसी मोटर आहे आणि पाटीवर "100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ" असं लिहिलेलं आहे ती इथे नीट चालतात. पण इग्नायटरचंही तेच आहे ना, हे वेगळं विचारा. मोटर चालेल आणि इग्नायटर जळेल असंही होतं.

वीज जाण्याचं काय? गुरुवारी देखभालीसाठी जाणारी वीज आपण धरून चालतो. पण मेमध्ये वळवाचा पाऊस आला, कुठे फांदी पडली की रविवार संध्याकाळही गेली. पेलेट ग्रिल विजेशिवाय चालत नाही. इग्नायटरला पहिली काही मिनिटं 200-300 वॅट लागतात, पुढे पंखा, स्क्रू आणि कंट्रोलर मिळून साधारण 50 वॅट. म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरवर ते तासन्‌तास चालू शकतं. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. जुन्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि तापते.

इन्व्हर्टर नसेल आणि मध्येच वीज गेली तर झाकण उघडू नका. पंखा बंद झाल्यावर फायरपॉटमधली आग धुमसत राहते आणि कधी कधी स्क्रूच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकते. हवा मिळाली की ती वाढते. हॉपरमधून धूर येतोय का यावर नजर ठेवा. वीज परत आली की लगेच बटण दाबायचं नाही. याबद्दल पुढे सांगते, कारण तिथेच लोक भाजतात.

जागा

सरकत्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजे खोलीच. तिथे पेलेट किंवा कोळसा कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गच्ची हीच जागा. आणि सोसायटीची गच्ची सामाईक असते, तेव्हा यंत्र घेण्याआधी कमिटीशी बोला. पेटवताना पहिली दहा मिनिटं पांढरा, दाट धूर येतो आणि तो वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. आधी सांगितलं असेल तर शेजारी समजून घेतात, वास आल्यावर समजावणं अवघड जातं. शाकाहारी शेजार असेल तर हे आणखी महत्त्वाचं. गच्चीवर अर्थिंग असलेला प्लग पॉइंट आहे का, सोलर हीटरच्या नळ्यांपासून आणि प्लास्टिकच्या टाक्यांपासून किती अंतर मिळतं, 50-60 किलोचं धूड लिफ्टमध्ये मावतं का आणि शेवटचा जिना कोण चढवणार, हे मोजपट्टी घेऊन बघा.

चूक चौथी: परदेशी पाककृती, इथलं मटण

परदेशी पाककृतीत पहिलं नाव येतं ब्रिस्केटचं, म्हणजे गोमांसातल्या छातीच्या भागाचं. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे, तेव्हा ते नाव इथे बाजूलाच ठेवा. आपल्याकडे मुख्य मांस बोकडाचं आणि ते कमी चरबीचं. सहा तास कोरड्या गरम हवेत ते सुकतं. त्यावर माझा उपाय असा: शिवाजी मार्केटमध्ये किंवा नेहमीच्या खाटकाकडे आदल्या दिवशी सांगून रान अख्खी ठेवायला लावायची, रात्रभर मीठ-दही-आलं-लसूण लावायचं, 110 अंशांवर तीन तास धूर द्यायचा आणि मग फॉइलमध्ये थोडं तूप घालून गुंडाळून आतलं तापमान 90-95 पर्यंत न्यायचं. मधे 65-70 अंशांना तापमान तास-दीड तास अडकल्यासारखं होतं. मांसातलं पाणी बाष्प होऊन ते थंड ठेवत असतं, यंत्र बिघडलेलं नसतं. त्या वेळी आच वाढवू नका.

आणि ज्यांच्या दुकानावर "बोल्हाईचे मटण" अशी पाटी असते तिथे मेंढीचं मटण मिळतं. त्याला चरबी जास्त, आणि मंद धुराला ते बोकडापेक्षा जास्त साथ देतं. हे करून बघाच.

कोंबडीचं एक: आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी काढतो. "स्किनसकट, अख्खी" असं आधी सांगा. कातडीशिवाय छातीचा भाग भुश्यासारखा होतो. आणि कातडी 110 अंशांवर रबरासारखी राहते, म्हणून शेवटची वीस-पंचवीस मिनिटं आच 180-200 करा. आतलं तापमान 74 झालं पाहिजे, मांडीत थोडं जास्त चालतं.

चूक पाचवी: जुनं बिघडलं म्हणून नवं घेणं

नवीन यंत्र घ्यायचं कारण "जुनं नीट चालत नाही" असं असेल तर आधी हे बघा.

पेटत नसेल तर जाळ्या, ट्रे, पत्रा सगळं काढून फायरपॉटमध्ये डोकवा. दहापैकी बहुतेक वेळा तो राखेने भरलेला असतो आणि इग्नायटर राखेत गाडला गेलेला. राख पूर्ण थंड झाल्याची खात्री करून व्हॅक्यूमने काढा. राखेत निखारे दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून राख पत्र्याच्या डब्यातच टाका. स्वच्छ केल्यावरही पेटत नसेल तर रिकाम्या फायरपॉटमध्ये यंत्र चालू करून पाच मिनिटं बघा. इग्नायटर लाल होत नसेल तर तो बदला. दोन स्क्रू आणि दोन तारांचं काम आहे, त्यासाठी नवीन ग्रिल लागत नाही.

घरातला आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होत असेल तर तेही पावसाळ्याचं दुखणं असू शकतं. इग्नायटरच्या नळीत आत एक पांढरी पूड असते ती ओल ओढते, आणि मग विजेची गळती होते. इग्नायटर काढून मंद ओव्हनमध्ये तास-दोन तास वाळवला की पुष्कळदा सुधारतो. वाळवूनही ट्रिप होत असेल तर वायरमनला दाखवा. आरसीसीबी बायपास करून ग्रिल चालवायचं नाही, कधीच नाही.

आता ते राहिलेलं. आग मध्येच विझली किंवा वीज गेली आणि परत यंत्र चालू केलं, तर स्क्रू आधीच्या ढिगावर आणखी पेलेट टाकतो. ते सगळे एकदम धुमसतात, पिवळट पांढरा धूर कोंडतो आणि एका क्षणी भडका होऊन झाकण उडतं. म्हणून विझलं की: यंत्र बंद, पदार्थ बाहेर, गार होऊ द्या, फायरपॉट रिकामा, मग पुन्हा पेटवा. घाई असेल तर रान सरळ घरातल्या ओव्हनमध्ये टाका किंवा कुकरला लावा. धूर लागून झालेला असतो, चव जात नाही. बंद करतानाही प्लग ओढायचा नाही. बंद करायचं बटण दाबलं की पंखा काही मिनिटं चालून उरलेले पेलेट जाळून टाकतो, ते होऊ द्या.

तापमान वरखाली होतंय ही तक्रार नेहमीची. दहा-पंधरा अंश इकडेतिकडे होणं या यंत्राचा स्वभाव आहे. त्याहून जास्त असेल तर आतला सेन्सर बघा. त्यावर काजळी आणि तेलाचा थर बसला की तो उशिरा आणि चुकीचं सांगतो. ओल्या फडक्याने पुसा. मांसात खुपसायचा थर्मामीटर तपासायचा तर उकळत्या पाण्यात घाला. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, इथे पाणी 98 अंशांना उकळतं. तो 98 दाखवत असेल तर तो बरोबर आहे. मी सुरुवातीला हे न कळल्याने एक चांगला थर्मामीटर परत करायला निघाले होते.

एका बाजूला जास्त भाजतंय असं वाटलं तर जाळीवर सगळीकडे ब्रेडचे स्लाइस मांडा, 175 अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा आणि कुठले आधी लाल होतात ते पाहून फोटो काढून ठेवा. मग रानेची जाड बाजू तिकडे ठेवायची. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे पडताना दिसले की लोक "रंग उडतोय" म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा तो वाळलेल्या तेलाचा आणि धुराचा थर असतो. तो खरवडून काढा, अन्नावर पडू देऊ नका.

नवं कधी घ्यावं? ग्रिलचा तळ किंवा बाजूचा पत्रा गंजून आरपार गेला असेल, किंवा कंट्रोलर जळाला आहे आणि त्या कंपनीचा सुटा भाग इथे कुणीच देत नसेल, तेव्हा. फायरपॉट, इग्नायटर, पंखा, मोटर हे सगळं बदलता येतं. गंजाबद्दल एवढंच की प्लास्टिकचं आवरण चार महिने बांधून ठेवलं तर आत घाम धरतो. पाऊस उघडला की काढून हवा द्या.

तरीही घ्यायचंच असेल तर

आकार लहान घ्या. अमेरिकी कुटुंबाच्या मापाचं ग्रिल चार माणसांसाठी रिकामं तापवत राहणं म्हणजे पेलेट फुकट घालवणं आहे. दोन कोंबड्या आणि एक रान शेजारी मावली की पुष्कळ. बर्फाळ थंडीसाठी दिलेल्या दुहेरी पत्र्याला जास्त पैसे मोजायची इथे गरज नाही, आपली डिसेंबरची पहाट त्याच्यासाठी काहीच नाही. फोनवरून चालवायची सोय चांगली असते, पण ती पहिल्या तीन गोष्टींत धरू नका. पहिल्या तीन म्हणजे: 230 व्होल्ट 50 हर्ट्झची पाटी, पुण्यात किंवा निदान देशात मिळणारे सुटे भाग, आणि हॉपर रिकामा करायचं दार. दुकानात ग्रिल दाखवतात तेव्हा त्या दारातून पेलेट प्रत्यक्ष काढून दाखवायला सांगा.

ड्रमचा स्मोकर फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर ड्रम आधी कशाचा होता हे विचारा. रसायनाचा ड्रम नको, आतून प्लास्टिकचा थर असलेला नको, आणि जाळी किंवा पत्रा गॅल्व्हनाइज्ड तर अजिबात नको. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो. साध्या लोखंडाचा करून, रिकामा दोन-तीन तास कडक तापवून, आतून तेल लावून मगच वापरात आणा.

भावाने शेवटी नवं ग्रिल घेतलं नाही. इग्नायटर, 50 हर्ट्झला नीट चालणारी मोटर आणि एक कोठी घेतली. यंदा मेच्या शेवटी त्याने हॉपर रिकामा केला, स्क्रू कोरडा होईपर्यंत चालवला आणि ग्रिल जिन्याच्या मजल्यावर आणून ठेवलं. आखाडात त्याच्याकडे वीस माणसं जेवायला होती. मटण पातेल्यात शिजलं, वर धुंगार दिला. रान दिवाळीनंतर लावणार आहे, आणि बोल्हाईचं मटण कुठून आणायचं ते त्याने मला आत्ताच विचारून ठेवलंय.